नवखा वकील अडकतो तो ओळखीच्या सहीत

संपादक महोदय,

बनावट कागदपत्रांवर आरोपींना जामीनदार पुरवणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या मुंबई, ठाणे, पुणे भागातून अधूनमधून येतात. बातमीच्या शेवटी बऱ्याचदा एखाद्या वकिलाचाही उल्लेख असतो आणि वाचणाऱ्याचे मत तिथेच पक्के होते : वकील आणि गुंड एकाच माळेचे मणी. दोषी वकिलावर कारवाई व्हावी याबद्दल आमचे दुमत नाही. पण दोन-चार वर्षांची सनद असलेला, स्वतःचे धड टेबलही नसलेला मुलगा किंवा मुलगी त्या आरोपींच्या यादीत कशी जाऊन बसते, हे कुठे छापून येत नाही. फौजदारी कोर्टांत रोज उभे राहणाऱ्यांना तो रस्ता ठाऊक आहे. त्याचे टप्पे जवळजवळ ठरलेले असतात, म्हणूनच ते उघडपणे लिहायला हवेत.

आरोपीचे वकीलपत्र घेणे यात गैर काहीच नाही. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने दिला आहे. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचे स्वतःचे मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा गुंडाचे वकीलपत्र घेतले म्हणून कोणी अडकत नाही. जे काम वकीलपत्रात बसतच नाही, ते केले म्हणून अडकतो.

असे काम तो का करतो? कारण सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच कोर्टात उभे राहूनही त्याच्या हातात काही पडत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. ती केवळ शिफारस आहे, सक्ती नाही, आणि कित्येक चेंबर्समध्ये प्रवासखर्च सुटला तरी पुष्कळ अशी स्थिती आहे. वकिलाला दुसरा धंदा करता येत नाही, पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, जाहिरात करता येत नाही. हे निर्बंध योग्यच आहेत. पण त्यामुळे घरभाडे आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी कोर्टाच्या आवारातला दलाल येऊन म्हणतो, 'वकीलसाहेब, जामिनाची ऑर्डर झालीच आहे, फक्त शुअरिटी म्हणजे जामीनदार द्यायचा आहे. माणूस माझा, कागद माझे, तुम्ही फक्त उभे राहा.' अर्ध्या तासाच्या कामाचे पैसे रोख मिळतात. पहिला टप्पा हाच.

त्या अर्ध्या तासात काय होते ते नीट पाहू. समजा, कोर्टाने २५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार या अटीवर जामीन मंजूर केला. आरोपीचे कुटुंब परराज्यात आहे, इथे त्याला कोणी ओळखत नाही. जामीनदाराने आधार, पॅन, रेशनकार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा आणायचा असतो. ऐपतीसाठी पगारपत्रक व नोकरीचे ओळखपत्र, घरपट्टीची पावती, सातबारा व आठ-अ किंवा तहसीलदारांचा ऐपत दाखला चालतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम ४८६ प्रमाणे, आजवर किती जणांना जामीन राहिलो याचे निवेदन जामीनदाराला कोर्टापुढे करावे लागते. या सगळ्या कागदांच्या शेवटी एक ओळ असते : 'जामीनदारास मी व्यक्तिशः ओळखतो.' तिच्याखाली सही करतो तो त्या दिवशी उभा राहिलेला ज्युनिअर. त्या माणसाला त्याने वीस मिनिटांपूर्वी जिन्यात पहिल्यांदा पाहिलेले असते.

बार कौन्सिलचा नियम इथे अगदी नेमका आहे. वकिलाने अशिलासाठी स्वतः जामीन राहायचे नाही आणि जामीनदाराच्या ऐपतीची ग्वाहीही द्यायची नाही. तो नियम कॉलेजात पाठ केलेला असतो. कोर्टाच्या घाईत, चार वाजता कारकुनाचे टेबल बंद होण्याच्या आत, तो आठवत नाही.

मग आरोपी एक-दोन तारखांना येतो आणि गायब होतो. अजामीनपात्र वॉरंट निघते, त्याच संहितेच्या कलम ४९१ खाली जामीनदाराला नोटीस जाते. नोटीस परत येते आणि तिच्यावर शेरा असतो : 'सदर नावाचा इसम या पत्त्यावर राहत नाही.' कोर्ट चौकशीचे आदेश देते. रेशनकार्ड खोटे निघते, पगारपत्रकावरची कंपनी सापडत नाही, तोच फोटो वेगळ्या नावाने दुसऱ्या कोर्टाच्या कागदांवर मिळतो. बनावट दस्तऐवज तयार करणे, तो खरा म्हणून वापरणे, खोटी साक्ष आणि कट अशी कलमे लागतात. फाइलमध्ये नाव कोणाचे सापडते? दलालाचे नाही, त्याचा फोन बंद असतो. सिनिअरचेही नाही, कारण त्या दिवशी वकीलपत्रावर त्यांची सही नव्हती. सापडते ती ओळखीची सही.

प्रत्येक वेळी प्रकरण पोलिसांपर्यंत जातेच असे नाही, आणि खरा धोका तिथे आहे. आरोपी हजर राहत राहिला, नोटीस निघालीच नाही, तर कागद खोटे होते हे फक्त दलालाला आणि त्याच्यामागच्या टोळीला माहीत असते. पुढच्या वेळी तो विनंती करत नाही. 'मागच्या वेळी सही तुमचीच आहे, साहेब,' एवढे म्हटले की पुरते. इथून पुढे फी कमी होत जाते आणि कामे वाढत जातात.

यावर उपाय अवघड नाही, फक्त सहीच्या आधी अर्धा-पाऊण तास लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून तो खरा की खोटा हे तिथेच कळते. जामीनदाराने आणलेल्या झेरॉक्सवर विसंबायचे नाही, उतारा स्वतः काढायचा. उतारा खरा असला तरी खातेदारांची नावे मोजायची. पाच जणांचे सामाईक खाते असेल तर पूर्ण क्षेत्र या एकट्याची ऐपत धरता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का ते पाहायचे. घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचे नाव येते. आधारवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या अ‍ॅपमधून स्कॅन केला की खरे नाव आणि फोटो दिसतो. बनावट कार्डावर छापील नाव एक आणि कोडमध्ये दुसरेच असा प्रकार यातच उघडा पडतो. पगारपत्रक असेल तर त्यावर छापलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. तो नंबर दलालानेच छापलेला असू शकतो. कंपनीचा नंबर आपण शोधून काढायचा. आणि शेवटी जामीनदाराला एकट्याला बाजूला घेऊन विचारायचे : आरोपीच्या वडिलांचे नाव काय, तो कोणत्या गुन्ह्यात आहे, तुमचे त्याचे नाते काय? भाड्याने आणलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला दलालाकडे बघतो.

एवढे करूनही 'व्यक्तिशः ओळखतो' असे लिहायचे नाही. 'जामीनदाराने दाखवलेल्या मूळ कागदपत्रांवरून ओळख पटवली,' असे लिहून कागदांची नावे नमूद करायची. त्यावर टेबलावरच्या कारकुनाने हरकत घेतली तर न्यायाधीशांपुढे सांगायचे. खोट्या ग्वाहीपेक्षा तो वाद परवडतो.

मुळात भाड्याच्या जामीनदाराची गरज का पडते, याचाही विचार हवा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे त्याचे मोठे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मोतीराम प्रकरणात, जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून त्याला नाकारणे चूक ठरवले. त्याच न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात तर क्रमच घालून दिला आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करायचा. स्थानिक जामीनदाराची अट शक्यतो घालू नये, असेही त्यात सुचवले आहे. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून आर्थिक मदत मिळू शकते, काही गंभीर कायद्यांखालचे आरोपी वगळून. तात्पुरता रोख जामीन भरून जामीनदारासाठी चार-सहा आठवड्यांची मुदत मागण्याचा अर्ज तर कोणताही ज्युनिअर लिहू शकतो. हा अर्ज लिहिला की दलालाची गरज उरत नाही. दुर्दैवाने आरोपीच्या घरच्यांना या वाटा कोणी सांगत नाही आणि दलाल कोर्टाच्या फाटकातच उभा असतो.

दुसरा टप्पा फीचा. आरोपी आत आहे, फी बाहेरून येते. ती आई-वडिलांनी दागिने गहाण टाकून दिली की टोळीच्या म्होरक्याने पाठवली, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. म्होरक्या पैसे देतो तेव्हा सूचनाही तोच देतो. एकाच गुन्ह्यातल्या सहा आरोपींचे वकीलपत्र एकाच ज्युनिअरकडे येते. त्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा फक्त मोटारसायकल चालवत होता. त्याचा बचाव वेगळा आहे, त्याच्या जामिनाचे मुद्दे वेगळे आहेत, कदाचित माफीचा साक्षीदार होण्यात त्याचे हित आहे. मोक्कासारख्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा एकाचा कबुलीजबाब त्याच खटल्यातल्या दुसऱ्याविरुद्ध वापरता येतो. म्हणजे या सहा जणांची हिते एकमेकांवर आदळतात. सहाही जणांचा वकील त्या मुलाला खरा सल्ला देऊच शकत नाही. दिला तर पैसे देणारा दुखावतो, नाही दिला तर अशिलाचा विश्वासघात होतो. ज्युनिअर बहुधा गप्प बसतो. आमच्या मते या धंद्यातला सर्वांत मोठा अन्याय इथे घडतो, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

म्हणून पैसे कोणीही देवो, वकीलपत्रावर सही करणारा तोच आपला अशील, हे पहिल्याच भेटीत पैसे देणाऱ्याला तोंडावर सांगावे. प्रत्येक आरोपीला तुरुंगात स्वतंत्र भेटावे. हित वेगळे दिसताच त्याच्यासाठी वेगळा वकील सुचवावा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

फी कशी घेतली यालाही आता फार महत्त्व आले आहे. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर नोंदली गेली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती खाती एकामागोमाग गोठवली जातात. त्या साखळीतल्या एखाद्या खात्यातून वकिलाला यूपीआयने १५,००० रुपये फी आलेली असते. एका सकाळी त्याचे कार्ड चालत नाही. बँकेत गेल्यावर कळते की भलत्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खाते अडवले आहे. अशा वेळी शाखेकडून लेखी घ्यावे : तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाणे, वादातली नेमकी रक्कम. मग त्या पोलीस ठाण्याला वकीलपत्राची प्रत, फीची पावती आणि आपण हजर राहिलेल्या तारखांचे रोजनामे (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदी) पाठवून, फक्त वादातल्या रकमेपुरताच बोजा ठेवा, बाकी खाते खुले करा, अशी मागणी करावी. अशिलाशी झालेले बोलणे किंवा चॅट यांतले काहीही जोडू नये, त्याची गरज नसते. दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ज्याने पावतीच दिलेली नाही त्याच्याकडे मात्र यातले काहीच दाखवायला नसते. अनुक्रमांक छापलेले पावतीपुस्तक आणि व्यवसायासाठी वेगळे खाते, एवढी तयारी सनद मिळाल्याच्या महिन्यात व्हायला हवी. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीत घेतली तर तेवढाच दंड होतो, हेही पक्के लक्षात असावे.

याहून वाईट प्रकार म्हणजे, 'तुमच्या खात्यात ५० हजार टाकतो, १० तुमचे, बाकीचे भावाला काढून द्या.' ही फी नव्हे. गुन्ह्याचा पैसा पुढे सरकवण्यासाठी खाते भाड्याने दिल्यासारखे ते होते आणि त्यात वकील म्हणून कोणतेही संरक्षण मिळत नाही. अशिलाचे पैसे आणि फी यांचा हिशेब वेगळा ठेवायचा हा बार कौन्सिलचा नियम याच कारणासाठी आहे.

तिसरा टप्पा निरोपाचा. तुरुंगातल्या मुलाखतीत आरोपी सांगतो, 'अमक्याला सांगा, गाडी हलवायला.' किंवा त्याचा भाऊ चेंबरमध्ये येऊन बंद मोबाइल टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, 'हा तुमच्याकडेच राहू द्या.' नवख्याला वाटते, अशिलाचे सगळे गोपनीय असते, म्हणून हेही चालते. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३२ अशिलाने सल्ल्यासाठी सांगितलेल्या गोष्टींचे संरक्षण करते, पण बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी झालेल्या बोलण्याचे करत नाही. वकील नेमल्यानंतर घडलेला गुन्हा किंवा फसवणूक त्याच्या नजरेला आली तर तीही संरक्षणाबाहेर आहे. निरोपाची परीक्षा सोपी आहे : हे वाक्य एखाद्या अर्जात, उलटतपासात किंवा युक्तिवादात वापरता येईल का? येणार नसेल तर ते वकिलाचे काम नाही आणि ते तिथेच नाकारायचे. मोबाइलला हात लावायचा नाही. 'हा पुरावा असू शकतो, तो नष्ट करणे किंवा लपवणे गुन्हा आहे,' एवढा सल्ला द्यायचा आणि वस्तू परत न्यायला सांगायची. कोणी मागे ठेवून गेलाच तर ज्येष्ठ वकिलाचा सल्ला घेऊन ती कोर्टापुढे हजर करायची. कपाटात ठेवायची नाही. पुरावा नाहीसा करण्याचे, गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेतले कलम २३८ वकिलालाही लागते.

मोक्काच्या बाबतीत तर दुप्पट जपायला हवे. त्या कायद्यात 'अपप्रेरणा' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. टोळीला मदत करणाऱ्या माणसाशी जाणूनबुजून संपर्क ठेवणे, कायदेशीर अधिकाराशिवाय टोळीला उपयोगी माहिती पुरवणे, हेही त्यात येते. शिक्षा किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप, दंड किमान पाच लाख, आणि जामिनाचे कलम २१(४) अत्यंत कडक. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हेगारीची तरतूद देशभर लागू झाली आहे. वकील म्हणून केलेला संपर्क यात बसत नाही, पण वकील म्हणून आणि वकिलीबाहेर यांतली रेघ त्या एका निरोपाने पुसली जाते.

साक्षीदाराबद्दलही हेच. 'फिर्यादीला एकदा भेटा, समजवा' ही विनंती नेहमीची आहे. तडजोडयोग्य गुन्हा असेल तर कोर्टापुढे तडजोड होते, इतर काही प्रकरणांत उच्च न्यायालयात संमतीने गुन्हा रद्द करता येतो. पण दोन्ही वेळी फिर्यादीचा स्वतःचा वेगळा वकील असला पाहिजे. आरोपीच्या वकिलाने फिर्यादीचे प्रतिज्ञापत्र आपल्याच चेंबरमध्ये टाइप करून घेतले आणि फिर्यादी उद्या म्हणाली की खाली चार माणसे उभी होती, तर साक्षीदाराला धमकावण्याच्या, न्याय संहितेच्या कलम २३२ मध्ये पहिला प्रश्न वकिलाला विचारला जाईल.

पोलिसांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. अशील अडचणीत आला की तपास अधिकाऱ्याने वकिलालाच समन्स धाडायचे, हा प्रकार वाढला होता. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात त्याला आळा घातला. अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स काढता येणार नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ च्या अपवादात प्रकरण बसत असेल तर कोणत्या तथ्यांवरून बसते ते समन्समध्येच लिहावे लागेल आणि अधीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याची लेखी संमती लागेल. वकिलाचा मोबाइल किंवा लॅपटॉप हवा असेल तर तो फक्त कोर्टापुढे हजर करायचा आणि अशिलाला व वकिलाला नोटीस देऊन त्यांच्या समक्ष उघडायचा. असे समन्स हातात पडलेल्या ज्युनिअरने घाबरून जबाब द्यायला धावू नये. समन्समध्ये या गोष्टी आहेत का ते वाचावे, नसतील तर लेखी उत्तर द्यावे आणि कोर्टात आव्हान द्यावे. मात्र ज्याची सही खोट्या जामीनदाराच्या कागदावर आहे, त्याला या निकालाचा आधार नाही. त्याची चौकशी अशिलाच्या गुपिताबद्दल होत नसते, त्याच्या स्वतःच्या कृत्याबद्दल होत असते.

आता जो आत ओढला गेला आहे, त्याने बाहेर कसे यावे? धमकी आली असेल तर मेसेज पुसू नयेत, फोन बदलू नये. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. नोंद घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना टपालाने पाठवावा आणि तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. अशिलाने वकिलाला दिलेली धमकी ही गोपनीय सूचना नसते, ती सांगायला कायदा आडवा येत नाही. वकीलपत्र सोडायचे असेल तर एका रात्रीत सोडता येत नाही. अशिलाला पुरेशा मुदतीची लेखी नोटीस द्यायची, तो आत असेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत. फाइल यादी करून, पोच घेऊन परत करायची. न केलेल्या कामाची फी परत करायची, म्हणजे पैशाच्या वादाचे निमित्त उरत नाही. मग कोर्टात पुरसीस म्हणजे लेखी निवेदन द्यायचे. पुरसीसमध्ये कारणांचा पाढा वाचायचा नाही, 'व्यावसायिक कारणास्तव' पुरेसे आहे, आणि आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्यावा अशी विनंती जोडायची. साक्षीदार पिंजऱ्यात असताना वकीलपत्र काढून घेऊ नये. त्यात अशिलाचेही नुकसान होते आणि कोर्टाचाही रोष होतो.

आणि जुनी खोटी सही असेल तर? तर दलालाशी तडजोड करत बसण्यापेक्षा, आपल्यासाठी एक अनुभवी वकील नेमून, त्याच्या सल्ल्याने आधी पावले उचलणे हाच मार्ग आहे. शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे खरे. पण दलालाच्या हातातला धाक त्याच क्षणी संपतो, आणि स्वतःहून पुढे येणाऱ्याकडे शिस्तपालन समिती आणि कोर्ट वेगळ्या नजरेने पाहतील, अशी निदान आशा धरता येते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन वकिली थांबण्यापेक्षा ते बरे.

जानेवारी २०२४ मध्ये राहुरीत वकील दाम्पत्याचे अपहरण करून खून झाला आणि राज्यभरचे वकील रस्त्यावर उतरले. राजस्थान आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये वकील संरक्षणाचे कायदे केले, तसा कायदा महाराष्ट्रात हवा, ही मागणी त्यानंतर जोरात आली आणि ती रास्तच आहे. पण तो कायदा बाहेरून येणाऱ्या हल्ल्यासाठी आहे. जो ज्युनिअर स्वतःच्या सहीमुळे गप्प आहे, तो त्या कायद्याखाली तक्रार करायलाही येणार नाही. त्याच्यासाठी प्रत्येक वकील संघात दोन-तीन ज्येष्ठांची अशी समिती हवी, जिच्याकडे तो सही करण्याच्या आधी जाऊन 'हे करू का' असे विचारू शकेल आणि ते बोलणे बाहेर फुटणार नाही. जिल्हा न्यायालयांनी जामीनदारांची एकच संगणकीय नोंदवही करावी. भिवंडीत जामीन राहिलेला माणूस पनवेलच्या टेबलावर त्याच क्षणी दिसला, तर भाड्याच्या जामीनदारांचा धंदा तिथेच बसेल. आजवर किती जणांना जामीन राहिलो, हे जामीनदाराचे कलम ४८६ खालचे निवेदन पडताळण्याचे साधनच नसेल तर ते नुसते भरून घेण्याला अर्थ नाही.

आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. वकील अधिनियमात २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५-अ आले. उच्च न्यायालय, जिल्हा व सत्र न्यायाधीश, जिल्हाधिकारी यांना दलालांच्या याद्या तयार करता येतात. ज्याचे नाव घालायचे त्याचे म्हणणे आधी ऐकले जाते. यादी कोर्टात लावायची असते आणि यादीतल्या माणसाला आवारात यायला बंदी करता येते. यादीत असूनही दलाली करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड किरकोळ आहे, पण आवारबंदी किरकोळ नाही. दलालाचा सगळा धंदा त्या आवारातच चालतो. आपल्या वार्ताहरांनी आपापल्या जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन अशी यादी लावलेली आहे का ते पाहावे, नसेल तर का नाही हे प्रशासनाला विचारावे आणि मिळालेले उत्तर छापावे, ही विनंती.

आपले,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील, ठाणे